ल्हामोचं गाठोडं

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या त्या गल्लीत वच्छलाच्या हाताला कोणी नावं ठेवली नसती. कुरड्या असोत, गोधडी असो, ज्याला हात लावील ते निगुतीनं करील अशी तिची ख्याती होती. फक्त एका गोष्टीपुढे तिनं हात टेकले होते, ती म्हणजे लोकरीचा कपडा. लग्नात नवऱ्याला त्याच्या मामानं निळा स्वेटर दिला होता. तो तिनं पहिल्याच वर्षी सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला, मोगरीनं बडवला, पिळून दोरीवर टाकला. वाळला तेव्हा तो तीन वर्षांच्या पोराला झाला असता. नवरा रुपराव मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात फिटर होता. रागावणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो म्हणाला, "ठेवून दे. पोरगं झालं का कामी येईन."

पोरगं झालं, मोठं झालं, त्याला तो स्वेटर टोचायचा म्हणून त्यानं घातला नाही. तो तसाच पेटीत पडून राहिला.

१९७४ च्या दिवाळीनंतर शेजारच्या सिंधूताईनं आपली अंगणाकडची खोली दोन तिबेटी बायांना तीन महिन्यांसाठी भाड्यानं दिली. गोंदियाच्या पुढे जंगलात त्यांची वसाहत होती. लुधियान्याहून माल आणायचा, हिवाळाभर सीताबर्डीच्या फुटपाथवर बसून स्वेटर विकायचे आणि जानेवारी सरला की गाशा गुंडाळून परत जायचं, असा त्यांचा दरवर्षीचा क्रम. दोघींतली एक म्हातारी होती. दुसरी वच्छलाच्याच वयाची, पस्तिशीची, रुंद चेहऱ्याची, गालांवर कायम लाली असलेली. तिचं नाव ल्हामो.

दोन घरांत मिळून एकच नळ होता. एका सकाळी वच्छला घागर घेऊन गेली, तर ल्हामो बाजूला कोवळ्या उन्हात परात घेऊन बसलेली. परातीत एक स्वेटर बुडवला होता. कोणा गिऱ्हाइकानं घालून पाहताना त्यावर पानानं रंगलेला हात पुसला होता म्हणे. ल्हामो तो घासत नव्हती की बडवत नव्हती. दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. वच्छलाला ते पाहवेना.

"साबन काहून नाई लावत वं?"

ल्हामोनं फेस उचलून दाखवला. "रीठा."

"मंग गरम पानी तं टाक. मळ कसा निघन?"

"गरम नहीं, गरम नहीं!" ल्हामोनं ओले हात हलवले. "गरम से ऊन मर जाता."

वच्छलानं डोळ्यांवर हात धरून वर सूर्याकडे पाहिलं. "ऊन कायले मरन बाप्पा?"

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सिंधूताईला हसू आवरेना. "अवं, ऊन म्हंजे लोकर! ते हिंदीत बोलून राहिली अन् तू आभाळ पाहून राहिली." मग तिघी हसल्या. हसता हसता वच्छला घरात गेली आणि पेटीतून तो आकसलेला निळा स्वेटर घेऊन आली. ल्हामोनं तो दोन बोटांत धरून वर केला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला. "ये किसने मारा?"

"मीच मारला," वच्छला म्हणाली.

त्या दिवशी ओळख झाली. ल्हामोनं नाव विचारलं, वच्छलानं सांगितलं. ल्हामोला ते नीट म्हणता येईना. "अच्छला... अचाला?" असं म्हणून ती एकदम थांबली आणि टाळी वाजवून म्हाताऱ्या बाईला तिच्या भाषेत काहीतरी सांगू लागली. मग वच्छलाकडे वळून म्हणाली, "हमारे बोली में बड़ी बहन को अचाला बोलता." तेव्हापासून ती तिला अचालाच म्हणू लागली.

पुढे एकदा पीठ मागायला म्हणून ल्हामो दारात आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. तिनं पिठाचा रिकामा डबा खाली ठेवला, हात जोडले, कपाळाला लावले. "तुम लोग भी?" एवढंच तिनं विचारलं. वच्छलानं सांगितलं, छप्पन साली, ती नवीन नवरी होती तेव्हा, सासूच्या बोटाला धरून दीक्षेला गेली होती. ल्हामोला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्या हिवाळ्यात ती वच्छलाच्या चुलीपाशी बसून भाकर खाऊ लागली, आणि वच्छला तिच्याकडून लोकर सांभाळायला शिकली.

रिठे आदल्या दिवशी भिजवायचे, उकळून गाळून पाणी पार निववायचं. कपडा त्यात पाव तासाच्या वर ठेवायचा नाही. पिळायचं तर मुळीच नाही. जुन्या पंच्यावर पसरायचा, पंच्यासकट सुरळी करायची आणि सुरळीवर हातानं भार द्यायचा. मग सावलीत, बाजेवर आडवा ठेवून बाह्या, गळा हातानं मापात बसवायचे, कारण ओली लोकर दोरीवर टांगली की आपल्याच वजनानं लोंबते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, अंगावर घातलेला कपडा न धुता पेटीत ठेवायचा नाही. ल्हामो बोट नाचवून सांगायची, "पसीना, तेल, दाल का दाग, कीड़ा को ये मीठा लगता. एक गंदा रखा तो बाजू का दस अच्छा भी खाता." लोकरीला लागणारी कीड, कसर, म्हणजे काय हे वच्छलाला ठाऊक होतं; कसर कुठून येते हे तिला तेव्हा कळलं.

जानेवारी संपला. जायच्या आदल्या दिवशी ल्हामो एक गाठोडं घेऊन आली. सात स्वेटर होते. फुटपाथवर खपायचे ते जाडेभरडे; हे वेगळे होते. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, मऊ, हलकी, मुठीत मावेल अशी. धरमपेठेतला एखादा डॉक्टर, कॉलेजातला एखादा प्राध्यापक वर्षाकाठी एखादा घेई. उरलेले परत न्यायचे म्हणजे पंचाईत, कारण वसाहतीतल्या घरांत पावसाळ्यात भिंतींवरसुद्धा बुरशी धरायची.

"अचाला, तुम रखो. दिवाली बाद हम आएगी."

वच्छलाला वाटलं, आपल्यावर कोणी सोनं सोपवलं. तिनं पत्र्याची एक पेटी रिकामी केली, आत वर्तमानपत्र अंथरलं, सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला पातळ फडक्यात बांधून कोपऱ्यांत ठेवला, डांबरगोळ्या टाकल्या. मे महिन्यात एकदा आणि पोळ्यानंतर एकदा सगळे स्वेटर बाहेर काढून, झटकून, हवा देऊन, घडी बदलून पुन्हा ठेवले. घडी तीच ठेवली तर तिथे लोकर पिचते, हेही ल्हामोनंच सांगितलं होतं. दिवाळीनंतर ल्हामो आली, तिनं एकेक स्वेटर उलगडून उजेडात धरला आणि वच्छलाचे दोन्ही हात आपल्या गालांना लावले.

असं तीन वर्षं चाललं. गल्लीतल्या बायाही आपले शाली-स्वेटर वच्छलाकडे आणू लागल्या. "लोकरीचं वच्छलाले इचारा," असं म्हणू लागल्या. तिलाही ते बरं वाटायचं.

चौथ्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत, ल्हामो पुन्हा सात स्वेटर ठेवून गेली आणि आठवड्यानं रुपराव कारखान्यातून नाचतच घरी आला. युनियनचं अधिवेशन दिल्लीत होतं आणि मोतीबागकडून जाणाऱ्या चौघांत त्याचं नाव होतं. उभ्या आयुष्यात तो इटारसीच्या पलीकडे गेला नव्हता. दिल्लीत फेब्रुवारीत हाडं गोठतात म्हणून सगळे सांगू लागले. रुपरावकडे रेल्वेचा एक जुना खाकी कोट होता, कोपरावर ठिगळ लावलेला.

वच्छलाच्या मनात ते ठिगळ सलू लागलं. साऱ्या देशाचे लोक येतील, कोण कुठल्या कपड्यात येईल आणि आपला माणूस ठिगळ दाखवत बसेल. जायच्या सकाळी तिनं पेटी उघडली आणि करड्या रंगाचा स्वेटर काढला.

रुपरावनं हात मागे घेतला. "नको वं. दुसऱ्याची अमानत हाय ते."

"चार दिवसानं काय झिजते? आल्यावर मी धुवून ठेवतो. तिलेबी समजनार नाई."

"समजनार नाई म्हनूनच तं नको."

"घाला म्हनतो ना! मले काही हौस नसावी का?"

तो घालायला तयार झाला. स्वेटर त्याला असा बसला की जणू मापानं विणला होता. वच्छला स्टेशनवर गेली नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यासोबत चालत गेली, आणि दोन बायांनी विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं की लुधियान्याचा आहे. कोणाचा, ते सांगितलं नाही.

रुपराव आठ दिवसांनी आला. अधिवेशनाचा एक मोठा फोटोही आला, त्यात तो दुसऱ्या रांगेत, तोच करडा स्वेटर घालून, मान ताठ करून उभा. वच्छलानं तो काच लावून भिंतीवर टांगला. स्वेटरच्या कॉलरला डोक्याच्या तेलाचा काळपट पट्टा बसला होता आणि उजव्या मनगटावर वरणाचा डाग, हळदीसकट. रुपराव ओशाळून म्हणाला, "पंगतीत धक्का लागला." ती म्हणाली, "निघन. रिठे आनतो बाजारातून."

रिठे आणायच्या आधीच सावनेरहून निरोप आला. तिची आई विहिरीच्या काठावर पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. दुसऱ्याच सकाळच्या बसनं निघायचं होतं. पोरगा आणि रुपराव यांचं जेवण सिंधूताई पाहणार होती, म्हणजे ती घरात येणार-जाणार. खुंटीवर तो स्वेटर लोंबत होता. सिंधूताईनं पाहिला तर ल्हामोच्या कानावर जाणार, हा एकच विचार वच्छलाच्या डोक्यात आला. तिनं पेटी उघडली, करडा स्वेटर दोन चांगल्या स्वेटरांच्या मध्ये सारला, झाकण लावलं आणि बस पकडली. आल्याबरोबर धुऊ, असं तिनं मनाशी घोकलं होतं, आणि ते खरंही होतं.

सावनेरला दोन महिने गेले. आई काही उठली नाही, तशीच गेली. बौद्ध घरात तेरवी नसली तरी पाहुणे, पुण्यानुमोदन, भावांची भांडणं यांत एप्रिल गेला. वच्छला परतली तेव्हा मे पेटला होता. पेटी कोपऱ्यात होती. तिला दिसत होती. पण दर वेळी उघडायला जायची तर आधी आई आठवायची, मग आपण केलेली ती लपवाछपवी आठवायची, आणि हात दुसऱ्या कामाला लागायचा. एकदा तिनं झाकण बोटभर वर करून फटीतून मूठभर डांबरगोळ्या आत टाकल्या आणि पुन्हा बंद केलं. पावसाळा आला. पोळा आला, गेला.

दसऱ्याच्या साफसफाईत तिनं पेटी उघडली.

वरचा तांबूस स्वेटर ठीक दिसला. तिनं तो उचलला आणि त्याची पाठ हातातच राहिली नाही. खाली करडा होता. कॉलर जवळजवळ नव्हतीच. उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत जाळी झाली होती, आणि त्या जाळीत वाळूसारखे कण आणि पांढऱ्या रेशमी नळ्या चिकटलेल्या. एका नळीतून काहीतरी वळवळत बाहेर आलं. सात स्वेटरांपैकी अगदी तळचा एक तेवढा धड होता.

वच्छला जमिनीवर बसली. आई गेली तेव्हा ती चारचौघांत रडली होती. आता रडायलाही कोणाला हाक मारता येईना.

रुपराव संध्याकाळी आला. त्यानं पाहिलं. बराच वेळ तो करडी बाही हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "सांगून टाक तिले. खरं खरं."

"काय सांगू? चोरून घातलं म्हनू?"

"चोरून काहून? घातलं तं मीच. मायं नाव सांग."

"तुमी गप राहा."

पुढचे पंधरा दिवस तिनं बर्डीहून लोकरीच्या गुंड्या आणल्या, सुई घेऊन भोकं भरायला बसली. रंग जुळेना. जुळला तर पोत जुळेना. त्या मऊ लोकरीत हा दोरा चिंधीवर मारलेल्या टाक्यासारखा दिसायचा. शेवटी तिनं तेही सोडलं. आणि ल्हामो येणार त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीचा फोटो भिंतीवरून उतरवून कपाटामागे ठेवला. रुपरावनं रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

ल्हामो सकाळी आली, नेहमीसारखी, हातात मक्याच्या लाह्यांची पिशवी घेऊन. रुपराव कामावर होता. वच्छलानं तिला बसायलाही सांगितलं नाही. एका दमात बोलून टाकलं. "लय वंगाळ झालं. पावसात छत गळलं. पेटीत पानी गेलं. मले उशिरा समजलं."

ल्हामोनं पिशवी खाली ठेवली. पेटीपाशी जाऊन बसली. एकेक स्वेटर काढून मांडीवर पसरला. करडा हातात आला तेव्हा तिनं त्याचं मनगट उलटं केलं आणि पिवळ्या डागावर नख घासलं. उरलेली कॉलर नाकाशी नेली. मग मान वर करून छताकडे पाहिलं. पत्रा कोरडा होता. पेटीच्या तळाचं वर्तमानपत्र कोरडं होतं. त्यावरची अक्षरंसुद्धा पसरली नव्हती.

"पानी," ती म्हणाली.

"हो ना. पानी."

"पानी आया, तो किसी का गलती नहीं." ती वच्छलाच्या तोंडाकडे पाहत राहिली. पाहताना तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती थांबली होती, एवढंच. वच्छलाला पुढे कितीदा तरी वाटलं, तो थांबण्याचा वेळ बराच होता. त्यात एक माणूस उठून, पाणी पिऊन, परत येऊन खरं सांगू शकला असता.

"मी भरून देतो," वच्छला म्हणाली. "हप्त्या-हप्त्यानं देतो."

"पानी का क्या पैसा?" ल्हामोनं भोकं पडलेल्या स्वेटरांच्या घड्या घातल्या, धड कपड्याच्या घालाव्या तशा, बाह्या आत दुमडून. गाठोडं बांधलं. उंबऱ्यात चपला घालताना म्हणाली, "चलते हैं, बहनजी."

फुटपाथवर ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला बहनजी म्हणायची.

त्या हिवाळ्यातही ती सिंधूताईच्याच खोलीत राहिली. तीन महिने, दोन भिंतींच्या अंतरावर. रोज सकाळी नळावर भेट व्हायची. ल्हामो हसायची, घागर भरली की बाजूला सरायची, पोराची चौकशी करायची. भाकर खायला मात्र आली नाही. वच्छला रोज ठरवायची, आज सांगू. म्हातारी असायची, सिंधूताई असायची, पोरगा शाळेत जायचा असायचा. जानेवारीच्या शेवटी ल्हामो उरलेलं गाठोडं पाठीवर घेऊन रिक्षात बसली. पुढच्या वर्षी तिनं जरीपटक्याकडे खोली घेतल्याचं सिंधूताईकडून कळलं.

"काहून गेली वं ते? तुमचं काही झालं का?" सिंधूताईनं विचारलं.

"काय होईन?" वच्छला म्हणाली.

गल्लीतल्या बाया शाली घेऊन आल्या की ती आता सांगायची, मले वेळ नाई. एक-दोघी रुसल्या. बर्डीला गेली तर ती रस्त्याच्या पलीकडून चालायची. एकदा मात्र धीर करून ल्हामोसमोर जाऊन बसली आणि एक मफलर घेतला. ल्हामोनं चहा मागवला. दोघींनी चहा प्यायला. मालात बारीक लोकरीचं काहीच दिसत नव्हतं, सगळं नायलॉनचं, भडक रंगांचं. वच्छलाला त्याचं कारण विचारावंसं वाटलं, पण गिऱ्हाइकं आली.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात त्या जागेवर एक तरुण मुलगी बसलेली दिसली. ती ल्हामोची सून होती. सासूचे गुडघे गेले, आता येणार नाही, असं तिनं चांगल्या मराठीत सांगितलं. वच्छला घरी आली, चूल पेटवली, विझवली, आणि रुपरावला म्हणाली, "मले पास काढून द्या. मी गोंद्याले जातो."

"मीबी येतो."

"नाई. मीच जाईन."

गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीनं ती अर्जुनीला उतरली. तिथून एका ट्रकवाल्यानं सोडलं आणि शेवटचे दोन मैल पायी. सागाच्या जंगलात एकदम मोकळं रान लागलं. मक्याची उभी ताटं, कौलारू घरांच्या रांगा, आणि काठ्यांना बांधलेल्या रंगीत पताका. ल्हामो घराबाहेर उन्हात बसली होती. गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. तिनं वच्छलाला दुरूनच ओळखलं; उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

वच्छला तिच्यासमोर जमिनीवर बसली. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं विसरून गेली. "छत गळलं नवतं," ती म्हणाली. "पानी नवतं. मी त्यायले घालाले देल्लं होतं तुयं स्वेटर. दिल्लीले. मंग न धुता ठेवलं. तू सांगतलं होतं तरी न धुता ठेवलं. अन् तुह्या तोंडावर खोटं बोलली."

ल्हामोनं मान डोलावली. "हम उसी दिन जान गई. पानी से हल्दी नहीं आता."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुम बोलेगी करके." ती सावकाश, शब्द शोधत बोलत होती. "तीन महीना बाजू में रही. रोज नल पे आती. सोचती, आज बोलेगी."

ल्हामोच पुढे म्हणाली, "मांगती, तो हम अपने हाथ से पहनाती भैया को. दिल्ली बड़ा ठंडा."

नंतर तिनं जे सांगितलं ते सहज सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. त्या खराब स्वेटरांची चांगली लोकर उसवून तिनं वसाहतीतल्या पोरांना टोप्या विणल्या. पुढच्या वर्षीपासून उरलेला माल इकडेच आणू लागली. कोणाच्या घरी ठेवावा असं मन होईना. दुसऱ्या पावसाळ्यात सगळं बुरशीनं गेलं. तेव्हापासून बारीक लोकर घेणंच सोडलं. "नायलॉन अच्छा. उसको कुछ नहीं होता."

"म्या तुयं लय नुकसान केलं," वच्छला म्हणाली.

"अब बोल दिया. अच्छा किया," ल्हामो म्हणाली आणि आतल्या पोराला हाक मारून चहा आणायला सांगितलं. खारट, लोण्याचा चहा. वच्छलानं तो दोनदा घेतला. ल्हामोनं रुपरावची विचारपूस केली, पोरगा आयटीआयला गेला हे ऐकून खूश झाली. निघायच्या वेळी वच्छलानं तिचे हात धरले. "एकडाव ये नागपूरले. माया घरी राहा. मी रिक्षा करतो, सारं करतो."

ल्हामोनं गुडघ्यांवरून हात फिरवला. "अब आना नहीं होगा."

गुडघ्यांमुळे म्हणाली की आणखी कशामुळे, ते वच्छलानं विचारलं नाही. रंगीत पताकांखालून चालत ती रस्त्याला लागली.

रुपराव दुसऱ्या दिवशी स्टेशनवर घ्यायला आला होता. घराचं दार उघडताना म्हणाला, "काय म्हनली?"

"चहा पाजला," वच्छला म्हणाली. मग, "मागलं असतं तं देल्लं असतं म्हनली. तुमाले आपल्या हातानं घातलं असतं म्हनली."

रुपराव कडीला हात लावून तसाच उभा राहिला. "मले पुढं याले पाहिजे होतं," तो म्हणाला. "तेव्हाच. ते गाठोडं न्याले आली त्या दिवशी कारखान्यातून सुट्टी घेऊन घरी राहाले पाहिजे होतं."

पुढे दर जानेवारीत ल्हामोची सून परत जायला निघाली की वच्छला बर्डीवर जाऊन तिच्याजवळ ल्हामोसाठी संत्र्यांची एक टोपली द्यायची. वर्षभरानं विचारायची, "पोचले का वं? काही म्हनली का?"

"म्हणाली, मिळाले," सून सांगायची. "गोड होते म्हणाली."

"अजून? अचाला म्हनली का?"

सून थोडा वेळ आठवायची, मग नकारार्थी मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकासाठी स्वेटर उलगडू लागायची.